शुक्रवारी पेटलेला सॉना

घर तापवणाऱ्या गॅसभट्टीची ज्योत सकाळपासून तिसऱ्यांदा विझली, तशी लेम्पी पुन्हा तळघरात उतरली. बाहेर थंडी शून्याखाली तीस. तळघराच्या फरशीवर गुडघे टेकून तिनं लाल बटण दाबून धरलं, लांब काडी आत घातली आणि साठपर्यंत आकडे मोजले. ज्योत लागली खरी, पण अर्ध्या तासात पुन्हा जाणार हे तिला ठाऊक होतं.

भट्टीच्या उबेला खुर्ची ओढून तिचा नवरा उर्हो बसला होता. आताशा दिवसभर तो तिथंच असायचा.

"हिल्मा, डोकं ठणकतंय गं," तो लेम्पीला म्हणाला.

हिल्मा ही त्याची केव्हाच वारलेली बहीण.

खाणीत एक पाळी कधी न चुकवलेला माणूस, या हिवाळ्यात पार हरवल्यासारखा झाला होता. मुलगी एल्मा डुलूथ शहराहून रोज फोन करायची आणि शाळामास्तरणीसारखी विचारायची, "पप्पा, आज वार कोणता?" काल गुरुवारी त्यानं छातीठोकपणे रविवार सांगितला. मग एल्मानं आईला निक्षून सांगितलं, "शनिवारी येतेय मी. वृद्धाश्रमात जागा मिळालीय. घरात धड ऊबही नाही, आई, कुणाच्या भरवशावर ठेवू त्यांना?"

तेव्हापासून लेम्पीच्या जिवाला घोर लागला होता. निदान भट्टी चालू राहिली, तर पोरीशी भांडायला तोंड तरी राहील. उद्या उर्हो गेला की या घरात राहायचं कुणासाठी?

दुपारी शेजारचा स्टॅन्को आला. जन्मभर भट्ट्या दुरुस्त करून हातांना काजळी चिकटलेला माणूस.

"मंगळवारीच ज्योतीजवळची तांब्याची कांडी बदलली ना मी? तुम्ही फिनलंडची माणसं हट्टी, भट्टीलाही तेच वळण लावलंत!"

"थट्टा पुरे, स्टॅन्को. उद्या एल्मा येतेय."

तो वाकला. ज्योत निळी हवी, ही पिवळी होती आणि लुळी पडत होती. त्यानं काडी ओढून विझवली आणि धुराड्याच्या तोंडाशी धरली. धूर वर जायचा सोडून त्याच्याच तोंडावर आला. त्याची थट्टा तिथंच थांबली.

"लेम्पी, बाहेरची हवा आत आणणारा पाइप कुठाय?"

"तो ना? ऑक्टोबरातच बुजवला," लेम्पी जरा ऐटीतच म्हणाली. "खिडक्यांना प्लास्टिक लावलं, दारांच्या फटी बंद केल्या, आणि हा मेला पाइप बर्फाचा वारा आत ओढतोय! गॅस काय फुकट येतो?"

त्या हिवाळ्यात आमच्या आळीत हेच चाललं होतं. जिच्या घरात वारा शिरत नाही ती संसारी बाई.

स्टॅन्कोनं पाइपच्या तोंडावर ठोकलेल्या फळीमागे हात घालून उर्होचा जुना स्वेटर, दोन लोकरी मोजे आणि एक अख्खी उशी बाहेर ओढली. मग गॅसची चावी बंद केली.

"अगं, भट्टीला श्वासच नाही. ज्योत गुदमरून विझतेय, आणि विषारी धूर खोलीत साचतोय. हा उर्हो कधीपासून बरळायला लागला?"

"ऑक्टोबरपासून," लेम्पी म्हणाली आणि उर्होच्या खुर्चीकडे धावली.

दोघांनी उर्होला धरून बाहेर काढलं. घर तर आता गारठणार होतं. म्हणून स्टॅन्कोनं अंगणातला सॉना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, पेटवला, दर शनिवारी अंघोळीला पेटायचा तो, लाकडांवर. दार किलकिलं ठेवलं आणि डॉक्टरला बोलवायला तो शेजारी आपल्या घरी धावला. लेम्पी बाकावर नवऱ्याचा हात धरून बसली. "मीच केलं, माझ्याच हातांनी," एवढंच ती पुटपुटत होती. डॉक्टर अजून रस्त्यात होता. तासाभरानं उर्होनं डोळे चोळले. लाकडांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"लेम्पी, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? शुक्रवारी कुणी सॉना पेटवतं का?"

लेम्पी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

"उद्या एल्मा आली की हेच ओरडा," ती म्हणाली, "अगदी अस्संच ओरडा."