हवालदारांच्या शर्टावर राहिलेला माइक

मी शर्टाला लावायचा माइक बोलतोय. हसू नका. माइकनं ऐकायचं असतं, बोलायचं नसतं, हे मलाही ठाऊक आहे. पण आता माझी वायर तुटली, ऐकायचं काम संपलं, तेव्हा म्हटलं आपणही दोन शब्द बोलावेत. पुण्यात राहून इतकी वर्षं गप्प बसलो, हेच पुष्कळ झालं.

मी दिसायला शेंगदाण्याएवढा. दोन हजार चार साली भाग्यश्रीनं मला विकत घेतलं. हिंजवडीतल्या कंपनीची चांगली नोकरी सोडून ही बाई डॉक्युमेंटरी काढायला निघाली, तीसुद्धा पोलीस हप्ते कसे घेतात यावर! तिच्या आईनं अबोलाच धरला होता. सोबतीला होता खडकीचा अझीम. कानाला हेडफोन लावून तो माझ्यातून येणारा शब्द न् शब्द ऐकायचा आणि काम झालं की मला मऊ कापडात गुंडाळून ठेवायचा. भला माणूस.

भाजीवाल्या बोलल्या, टेम्पोवाले बोलले. बोलताना त्यांची छाती कशी धडधडते, ते फक्त मला कळायचं. कॅमेऱ्याला नुसते चेहरे दिसतात, तरी कौतुक सगळं त्याचंच! अडलं होतं एकाच ठिकाणी. खाकीतला एकही माणूस तोंड उघडेना, आणि त्याशिवाय फिल्म पुरी होईना.

शेवटी उत्तरेश्वर हवालदार तयार झाले. चौकी कोणती ते विचारू नका, फिल्ममध्येही ते गाळलंय. मी त्यांच्या शर्टाच्या गुंडीपाशी बसलो, आणि माझी वायर त्यांच्या खिशातल्या बिनतारी डबीत. मंडईतून हप्ता गोळा होतो का, असं भाग्यश्रीनं विचारलं. आमच्याकडे असलं काही चालत नाही, असं सांगून हवालदार उठले आणि चौकीच्या मागे गेले. त्यांच्या पत्नी, द्वारकाबाई, डबा घेऊन आल्या होत्या. गडबडीत मला काढायचं मात्र सगळेच विसरले.

द्वारकाबाई सांगत होत्या की मंडईतल्या सोजरबाईनं आजही पैसे घेतले नाहीत. मेथीची जुडी पिशवीत कोंबली आणि तोंड फिरवलं.

"अहो, ही फुकटची भाजी मला गिळवत नाही," त्या म्हणाल्या. "मी दिसले की बायका बोलायच्या थांबतात."

हवालदारांनी डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मी आत्ता खोटं बोललो, द्वारका. हप्ता मीच गोळा करतो. साहेबांना नेऊन देतो, आणि माझा वाटा खिशात घालतो."

तिकडे अझीमनं हेडफोन भाग्यश्रीच्या कानाला लावला. टेपवर सगळं आलं होतं. फिल्मला हवं होतं ते हेच!

आणि या बाईनं काय करावं? दुसऱ्या दिवशी हवालदारांच्या घरी जाऊन तिनं ती टेप त्या दोघांना ऐकवली आणि हवालदारांच्या हातात ठेवली. "हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं, काका. ही टेप तुमची." परतताना अझीम म्हणाला की ताई, आपण वेडे आहोत. मलाही तेच वाटलं. हातातोंडाशी आलेला घास गेला होता.

वर्षभर फिल्म तशीच पडून राहिली. मग एके दिवशी हवालदार आणि द्वारकाबाई आपणहून आले. नोकरी अजून शिल्लक होती, पेन्शन पुढेच होती. त्यांनी टेप टेबलावर ठेवली.

"ही नका वापरू. ते नकळत ऐकलेलं आहे," हवालदार म्हणाले. "पुन्हा विचारा. आता तोंडावर सांगतो."

त्या दिवशी द्वारकाबाईंनी स्वतः मला त्यांच्या शर्टाला लावलं. छातीतली धडधड अशी की अझीमला आवाज कमी करावा लागला. पण हवालदार थांबले नाहीत. साहेबांचं सांगितलं आणि स्वतःचंही सांगितलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पुढे त्यांचं निलंबन झालं, चौकशी झाली, पेन्शनला कात्री लागली. साहेबांची फक्त बदली झाली. पुणेकरांना हे सांगायला नकोच.

आता मी अझीमच्या खणात मजेत असतो. नव्या माइकांना तो मला दाखवतो, मीही जरा मिरवून घेतो. मागणं एकच आहे. माझ्या भावंडांना कुणाच्या शर्टाला लावलंत तर आठवणीनं काढा, आणि विसरलात तर भाग्यश्रीसारखं वागा.

जाता जाता माझं सगळ्यात आवडतं रेकॉर्डिंग सांगतो. मंडईत पडदा लावून फिल्म दाखवली, त्यानंतरच्या आठवड्यातलं. भाग्यश्रीनं रीतसर विचारून मला द्वारकाबाईंच्या पदराला लावलं आणि आम्ही सोजरबाईंच्या गाळ्यावर गेलो. द्वारकाबाईंनी गवारीचा भाव विचारला. फार होतो, म्हणाल्या. मी कान टवकारले.

"परवडत आसंल तर घ्या," सोजरबाई म्हणाल्या, "न्हाईतर पुढं व्हा. गिऱ्हाईकं खोळंबल्यात."

द्वारकाबाईंनी अर्धा किलो गवार घेतली. सोजरबाईंनी पैसे घेतले, सुटे परत दिले, आणि वर दमही दिला की उद्यापासनं सुटे आणत जा.