मधाची पट्टी, फोमची पट्टी

टेलरकाकांच्या मते त्यांच्यावर उघड उघड अन्याय झाला होता.

मधुमेहाने त्यांच्या उजव्या पायाची जाणीव कधीच गेली होती आणि अंगठ्याखाली कोटाच्या बटणाएवढी जखम ठाण मांडून बसली होती. दवाखान्यात अशा जखमांवर कोणती पट्टी जास्त गुणकारी, हे ताडून बघायचं काम चालू होतं. बंद पाकिटातून चिठ्ठी निघायची. काकांना निघाली फोमची पट्टी आणि त्यांच्या जुन्या दोस्ताला, म्हणजे निवृत्त पोस्टमनला, मधाची.

"जन्मभर पाकिटं वाटलीस," काका म्हणाले, "आणि चांगलं पाकीट नेमकं स्वतःला ठेवलंस!"

"तुझ्या अंगात आधीच साखर आहे. वर मध कशाला हवाय?" पोस्टमन म्हणाला.

थट्टा ठीक होती, पण डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं: चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही, तर अंगठा वाचेलच असं नाही.

सिस्टर दर आठवड्याला जखमेवर चौकोन छापलेला पारदर्शक कागद धरायची, पेनाने कड आखायची आणि आतले चौकोन मोजायची. दोन आठवड्यांत पोस्टमन चोवीसवरून पंधरावर आला. काका बावीसवरून तेवीसवर गेले.

"मालातच खोट आहे," काका गरजले. "चाळीस वर्षं कापडात गेली माझी. हा फोम म्हणजे कोटाच्या खांद्यात घालायचं पॅड. त्याने खांदा उचलेल, जखम कशी भरेल? मला मध द्या."

"दोन गिऱ्हाइकांचे शर्ट बेतायचे आणि मधेच बाह्यांची अदलाबदल करायची, चालेल तुम्हाला?" सिस्टर पट्टी सोडवत म्हणाली. "मग कुठला शर्ट कसा बसला, हे कळणार कसं?"

तेवढ्यात सिस्टरचे हात थांबले. तिने फोम उजेडात धरला. त्यावर आडव्याउभ्या रेघांची जाळी स्वच्छ उमटली होती.

"काका, टाचेवर चालायचा बूट दिलाय, तो घालता ना?"

"घालतो की. इथे येताना."

"आणि घरी?"

"घरी चालतंय कोण? दिवसभर बसूनच असतो."

"बसून काय करता?"

काका छताकडे बघू लागले. शेजारी बसलेल्या काकूंना मात्र राहवलं नाही. "सांगा ना आता! आज निघेपर्यंत मशीन मारत होते. पायडलची जाळी आहे ती."

"अगं, पायावर उभं राहू नका म्हणाले होते. मी उभा कुठे राहिलो?" काका कळवळून म्हणाले. "आणि जरासुद्धा दुखत नाही!"

"तुमचा पाय तक्रार करायला विसरलाय, काका," सिस्टर हळूच म्हणाली. "दिवसभरात हजार वेळा तुम्ही त्या जखमेवर दाब देताय. अशाने फोम काय, मध काय, रेशीम बांधलं तरी ती भरायची नाही."

काकांचा चेहरा उतरला. अंगठा जाणार, हे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा खरं वाटलं.

घरी आल्यावर काकूंनी मशीनला दुसरं स्टूल लावलं. पायडलवर काकू, कापडावर काका.

"हळू! कॉलर डोंगर चढतेय!"

"अहो, पाय माझे आहेत, जातील तसे जातील. हात सांभाळा तुम्ही."

दोन शर्ट उसवावे लागले, तीन दिवस अबोला झाला, पण काकांचा पाय पायडलला लागला नाही. घरातही तो बूट पायातून निघेना.

चौथ्या आठवड्यात सिस्टरने कड आखली. चौकोन काकांनी स्वतः मोजले, दोनदा. दहा.

"अंगठा राहिला," डॉक्टर म्हणाले.

काकांनी डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "म्हणजे फोमच सरस, नाही का?"

"ते अजून शंभर पाय मोजल्यावर ठरेल. एका पायावरून नाही," सिस्टर हसली.

पट्टी झाल्यावर काकांनी बूट उचलला. पाय घालण्याआधी आत हात घातला आणि पार टोकापर्यंत चाचपला.

"काय शोधतोस? मनीऑर्डर?" पोस्टमनने विचारलं.

"टाचणी. टेलरचं घर आहे माझं. पायाला नाही कळत रे," काका म्हणाले, "हाताला कळतं."

पोस्टमनने गुपचूप वाकून स्वतःचा बूट उचलला आणि आत हात घातला.