फ्रीजरमधला टीटी

"डोकं दुखतंय," मेरेआना म्हणाली, आणि हूरिया आत्याचा हात गाडीच्या किल्लीकडे गेला.

चौतीस वर्षांची त्या हाताची सवय. मेरेआना जन्मली तेव्हाच तिच्या मेंदूत पाणी साठत होतं. ते उतरवायला डॉक्टरांनी कानामागून, मानेतून, कातडीखालून थेट पोटापर्यंत एक बारीक नळी घातली. शंट म्हणतात तिला. तेव्हापासून बाकी जगाचं डोकं दुखलं की गोळी, आणि मेरेआनाचं दुखलं की हॉस्पिटल. नळी तुंबली तर जिवावर बेततं, आणि तुंबलीय की नाही हे उघडून बघितल्याशिवाय कुणी छातीठोक सांगत नसे. अकरा ऑपरेशनं झाली होती. त्यातल्या चार वेळा उघडून बघावं तर नळी ठणठणीत!

त्या चारांतलं एक मेरेआना विसरूच शकत नव्हती. एकोणिसाव्या वर्षी ती आत्याबरोबर टीटी नावाच्या, मासे खाणाऱ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं धरायला बेटावर गेली होती. तिसऱ्या दिवशी डोकं दुखलं, हेलिकॉप्टर आलं, डोकं उघडलं, नळी चालूच. अख्खा हंगाम पाण्यात गेला. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. आत्या त्यानंतर ताकाकडे बघायलाही तयार नव्हती. मेरेआना पंधरा वर्षं ब्लफ बंदरातल्या कालवांच्या शेडमध्ये शिंपले उघडत बसली आणि दर एप्रिलला धक्क्यावरून बोटीला हात हलवत राहिली.

पण यंदा आत्याला बहात्तरावं लागलं होतं, आणि गुडघे पायरीपायरीला कुरकुरत होते. बेटावरच्या त्यांच्या तुकड्यात कुठली बिळं भरलेली असतात, कुठल्या उतारावर पाय घसरतो, सगळं एकट्या आत्याला ठाऊक. घराण्याचं रक्त असेल त्यालाच तिथं पक्षी धरायचा हक्क, आणि बाकीचं रक्त केव्हाच ऑस्ट्रेलियातल्या खाणींवर निघून गेलं होतं. "हे माझं शेवटचं वर्ष," आत्यानं मार्चमध्येच सांगून टाकलं होतं. "शिकायचं असेल तर आताच शीक."

बोट शनिवारी सकाळी सुटणार होती. आज गुरुवार.

"आत्या, ठेव ती किल्ली. दोन रात्री आनंदानं झोप नाही, म्हणून दुखतंय."

"चार वर्षांची होतीस तेव्हाही असंच काहीतरी सांगितलंस, आणि मग माझ्या नव्या पडद्यांवर ओकलीस. बस गाडीत."

आत्यानं फ्रीजर उघडला. गेल्या हंगामातले दोन टीटी काढले, दगडासारखे गोठलेले. एक टॉवेलात गुंडाळून मेरेआनाच्या मानेवर दाबला, दुसरा थंड डब्यात टाकला.

"शी! वास बघ याचा!"

"वासानं कुणी मेलं नाही. धर नीट."

दुनेडिनच्या हॉस्पिटलपर्यंत तीन तासांचा रस्ता. एक पक्षी नरम पडला की दुसरा, असं करत मेरेआना मान आणि खांदा गारठवत गेली. वेटिंग रूममध्येही टीटी मफलरखाली होताच. नाव पुकारलं की आत्या तो पिशवीत कोंबायची, आणि मेरेआना बाहेर आली की पुन्हा मानेवर.

स्कॅन पूर्वीसारखंच आलं. डोळ्यांच्या पडद्यामागेही सूज नव्हती. पण मेरेआनाचं स्कॅन बेभरवशाचं. दोनदा नळी तुंबलेली असतानाही ते साळसूदासारखं स्वच्छ आलं होतं. डॉ. मर्डॉक गेली नऊ वर्षं तिचं डोकं सांभाळत होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे एक नवीन तपासणी आलीय. चिरायचं नाही, सुई नाही. आधी ती करू."

तपासणी करणारा सेमिसी हा टोंगा बेटांवरून आलेला दांडगा गडी. त्यानं मेरेआनाच्या गळ्याच्या हाडावर, नळीच्या बरोबर वर, एक पट्टी चिकटवली. "आता वर मानेवर बर्फ ठेवणार. आत पाणी वाहत असेल तर गारवा त्याच्याबरोबर खाली येईल आणि पडद्यावरची रेघ खाली पडेल. तुंबलं असेल तर रेघ सपाट. गेल्या तासाभरात मानेला बर्फ लावला होता?"

"बर्फ? छे!" आत्यानं परस्पर उत्तर दिलं. तिच्या मते त्यात काही खोटं नव्हतं.

सेमिसीनं बर्फ ठेवला. मेरेआनानं पडद्यावर डोळे लावले.

रेघ सपाट.

पाण्याला जोर यावा म्हणून त्यानं कानामागच्या झडपेवर एक थरथरणारं छोटं यंत्र धरून पुन्हा केलं. तरी सपाट.

डॉ. मर्डॉकनी दोन्ही रेघा शेजारी लावून बघितल्या. "वाहताना दिसत नाहीये. ही तपासणी एकटी निकाल देत नाही, पण डोकं दुखतंय आणि रेघ अशी. उद्या सकाळी उघडून बघावं लागेल."

मेरेआनाला भडभडून आलं. शनिवारची बोट गेली, आत्याचं शेवटचं वर्ष गेलं, आणि पंधरा वर्षं हात हलवला तो फुकटच. आत्या पिशवी पायांमागे सरकवत होती.

"इथं माशाचा वास कुठून येतोय?" सेमिसीनं नाक मुरडलं.

मेरेआनाचा हात आपोआप गळ्याच्या हाडावरच्या पट्टीकडे गेला. पट्टीभोवतीची कातडी गार होती, आणि तिथं तर सेमिसीनं बर्फ ठेवलाच नव्हता. दुसरी बाजू चाचपली, ती उबदार. ती ताडकन उठून बसली.

"आत्या! पक्षी!"

"कुठला पक्षी?" डॉ. मर्डॉकनी विचारलं.

"गोठलेला! तीन तास मानेवर होता! इथं, पट्टीच्या जागेवरच!"

सगळे आत्याकडे वळले. "यानं बर्फाचं विचारलं," आत्या फणकारली. "पक्ष्याचं कुणी विचारलं?"

सेमिसी पोट धरून हसला आणि मग घाईघाईनं आकडे मागे नेऊन बघू लागला. "सुरुवातीचाच आकडा खाली होता! मला वाटलं, बाहेरच्या दक्षिणी वाऱ्यानं. डॉक्टर, कातडी आधीच गारठलेली, तिच्यावर गारवा उमटणार कसा?"

"ब्लँकेट आणा," डॉ. मर्डॉक म्हणाल्या. "आणि तो पक्षी माझ्या खोलीबाहेर न्या."

ब्लँकेटखाली मेरेआनानं दीड तास काढला. तेवढ्यात आत्यानं तीन वेळा देवाचं नाव घेतलं आणि चार वेळा सेमिसीला घड्याळ विचारलं. दोन्ही बाजूंचा आकडा सारखा झाला तेव्हा सेमिसीनं पुन्हा बर्फ ठेवला.

एक मिनिट काहीच नाही. आत्यानं मेरेआनाचा पाय घट्ट धरला.

मग रेघ थरथरली. जराशी वाकली. आणि सरळ खाली घसरली!

"पडली!" सेमिसी ओरडला. "पडली, पडली!"

"वाहतंय?" मेरेआनानं विचारलं.

"वाहतंय! ओढ्यासारखं वाहतंय!"

डॉ. मर्डॉकनी आणखी एकदा करायला लावलं. पुन्हा पडली. तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. आत्या मात्र ढसाढसा रडत होती आणि एकीकडे सेमिसीच्या पाठीत धपाटे घालत होती.

"पण मग डोकं का दुखतंय?" मेरेआनानं विचारलं.

"लोकांचं दुखतं," डॉ. मर्डॉक म्हणाल्या. "झोप नसली की माझंही दुखतं. आजची रात्र नजरेखाली राहा. उद्या ठीक असलात तर जा. पण सॅटेलाइट फोन न्यायचा, आणि उलटी, गुंगी, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर हंगामाचा विचार न करता मला फोन."

लोकांचं दुखतं! मेरेआना ते शब्द मनात पुन्हा पुन्हा घोळवत राहिली. आपलं डोकंही लोकांसारखं दुखू शकतं, हे चौतीस वर्षांत तिला पहिल्यांदाच कुणी सांगितलं होतं.

शनिवारी ब्लफच्या धक्क्यावर समुद्र करडा होता आणि वारा कान कापत होता. पेट्या, गाद्या, पीठ, मीठ, रिकाम्या बादल्या हातोहात बोटीवर चढत होत्या. मेरेआना रात्रभर पुन्हा जागी होती. झोप येणार कशी?

"आत्या," ती म्हणाली, "डोकं दुखतंय."

आत्याचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला. तिनं मेरेआनाचे डोळे नीट निरखले. "उलटी?"

"नाही."

"माझी बोटं किती?"

"तीन. आणि घाणेरडी."

हात खिशातून रिकामाच बाहेर आला. आत्यानं वाकून दोन बादल्या उचलल्या आणि मेरेआनाच्या हातात कोंबल्या.

"गोळी घे," ती म्हणाली. "आणि चढ लवकर, लोक खोळंबलेत."