रिकाम्या हाताची थरथर

माझा उजवा हात थरथरतो ही गोष्ट आमच्या घराबाहेर कोणालाही ठाऊक नव्हती, आणि अलकेचे लग्न ठरेपर्यंत ती ठाऊक होऊ नये अशी माझी सक्त ताकीद होती. अलका माझी नात, माझ्या मुलाची, मुकुंदाची एकुलती एक मुलगी. त्र्याहत्तरच्या जानेवारीत तिला पाहायला बडोद्याहून माणसे येणार होती. मुलगा, विजय, वीज मंडळात इंजिनियर. त्याच्या आई सरलाबाई समाजात चौकस म्हणून प्रसिद्ध होत्या. मुलीच्या आजीला कंपवात आहे, एवढे त्यांच्या कानी गेले असते तर रोग रक्तातला आहे हा निष्कर्ष त्यांनी बडोद्याच्या गाडीत बसण्यापूर्वीच काढला असता. याहून क्षुल्लक कारणांनी चांगली स्थळे फिरलेली मी पाहिली होती.

रोगाचे नाव मला सुरतेतल्या आमच्याच नानपुऱ्यातील एका पारशी डॉक्टरांनी सांगितले होते. अंबाजीच्या दर्शनाचे निमित्त करून मी यांच्याबरोबर, म्हणजे अलकेच्या आजोबांबरोबर, त्यांच्याकडे गेले, आणि घरी आल्यावर प्रसादही वाटला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडे, थरथर मात्र जेमतेम उतरे. चहा स्टीलच्या पेल्यात न घेता जड पितळी पेल्यात, तोही अर्धाच घ्यावा. काही उचलताना कोपर बरगडीला टेकवावे. घाई करू नये, असे त्यांनी समजावले. मग माझा हात माझ्याच मांडीवर ठेवायला लावून ते नुसते पाहत राहिले. हात नाचू लागला. त्यांनी त्यात एक लिंबू दिले आणि ते दुसऱ्या हातात द्या, परत घ्या, म्हणाले. थरथर बरीचशी थांबली.

"माजी, हाथने काम आपो," ते म्हणाले. "हाताला काम द्या. हा हात रिकामा बसला की रडतो."

घरी मी त्याची प्रचिती घेतली. वाती वळताना, शेंगा सोलताना हात शहाण्यासारखा वागे. काम संपवून मांडीवर ठेवला की पुन्हा तेच. मन धास्तावले तर विचारूच नये.

परंतु डॉक्टरांकडे गेल्याचे यांच्याखेरीज कोणाला माहीत नव्हते, त्यामुळे त्यांचा सल्लाही आमच्या दोघांपाशीच राहिला. माझ्या सुनेने, सुलभेने, फक्त थरथर पाहिली होती. सासूबाईंना श्रम होतात असा तिने अर्थ लावला आणि ती एकेक काम माझ्या हातातून काढून घेऊ लागली. पाहुण्यांसमोर सासूने कामाला हात लावायचा नाही, तिने बसून सांगायचे आणि सुनेने करायचे, ही या घरातली शिस्त मीच घातलेली होती.

पाहुण्यांच्या दिवसासाठी मी माझ्यापुरती व्यवस्था केली. झोपाळ्यावर बसायचे, पानाचा डबा मांडीवर घ्यायचा आणि सगळा वेळ विडे लावीत राहायचे. विडे लावणे मानाचे काम. त्याला कोणी नावे ठेवली नसती.

पाहुणे आले. सरलाबाई माझ्यासमोर खुर्चीवर बसल्या. ठेंगण्या, पाठीने ताठ, नजर अशी की बोलता बोलता त्यांनी पडद्याची शिवणसुद्धा तपासली असावी. विजय घाम पुशीत यांच्याशेजारी बसला. मी डबा उघडला, पान पुसले, चुना लावला. हात स्थिर होता. पहिला विडा झाला, दुसरा झाला.

तेवढ्यात सुलभा पोह्यांच्या बशा घेऊन आली. तिने माझ्याकडे पाहिले, बशा ठेवल्या आणि अतिशय अदबीने पानाचा डबा माझ्या मांडीवरून उचलला.

"राहू दे," मी म्हणाले.

"छे, माई, मी असताना तुम्ही कशाला? तुम्ही निवांत गप्पा मारा."

"सुलभा, डबा ठेव."

"तुमचं ऐकेन तर सून कसली?" ती हसून सरलाबाईंकडे वळली. "यांना स्वस्थ बसवतच नाही हो."

"सून गुणाची आहे," सरलाबाई म्हणाल्या.

डबा आत गेला. मी उजवा हात मांडीवर ठेवला, त्यावर डावा दाबला, दोन्हींवर पदर ओढला. सरलाबाई त्यांच्या थोरल्या सुनेच्या बाळंतपणाची हकीकत सांगत होत्या. पदराखाली हात हलू लागला. मी आणखी दाबला, तो आणखी हलला. आणि मग माझ्या बांगड्या वाजू लागल्या. काचेच्या बांगड्या, त्यांना गुपित कसले कळते? बारीक, अखंड किणकिण. मला ती साऱ्या नानपुऱ्यात ऐकू जात असेल असे वाटले.

यांनी ती ऐकली. घाईघाईने ते विजयला उकाईच्या धरणाविषयी विचारू लागले. धरणाविषयी ते आयुष्यात प्रथमच एवढ्या मोठ्याने बोलत होते.

सरलाबाई वाक्याच्या मध्येच थांबल्या.

"माई, थंडी वाजते का?"

"हो ना," दारातून सुलभा पटकन म्हणाली. "यंदा सुरतेत थंडी फार."

डोक्यावर पंखा चालू होता. तो विजयसाठी लावला होता.

मला मान डोलावणे पुरले असते. परंतु त्या एका क्षणात पुढचे सगळे मला दिसले: साखरपुड्यात असेच पदराखाली बसायचे, लग्नात बसायचे, आणि एक दिवस उघडे पडल्यावर त्या घरात माझ्या नातीने खाली मान घालून टोमणे ऐकायचे. फसवून दिलेली मुलगी, असे ते तिला जन्मभर म्हणाले असते.

"सुलभा, मागच्या ओसरीवर पापडीच्या शेंगांचं सूप आहे. ते इकडे आण."

"माई, पाहुण्यांसमोर?"

"पाहुण्यांसमोरच."

उंधियूच्या भाजीसाठी आणलेली पापडी होती. मी सूप मांडीवर घेतले आणि शेंगा सोलू लागले. पहिली शेंग निसटली, दुसरी सुटली. हळूहळू किणकिण विरली.

"सरलाबाई, ही थंडी नव्हे," मी म्हणाले. "हा कंपवात आहे. पार्किन्सन म्हणतात. हात कामात असला की थांबतो, रिकामा राहिला की सुरू होतो. बरा होत नाही, सांभाळावा लागतो. माझ्या आईला नव्हता, आजीला नव्हता. डॉक्टर म्हणतात, मुलाबाळांत सहसा उतरत नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा."

मुकुंदाने डोळे मिटून घेतले. सुलभेने मात्र सुपाकडे पाहिले, मग आत ठेवलेल्या डब्याच्या दिशेने, आणि तिच्या तोंडाचा रंग गेला.

"आम्हाला हे आधी कळवायला हवं होतं," सरलाबाई म्हणाल्या.

"हवं होतं."

"मग?"

"मुलगी गमवायची भीती वाटली."

"आणि आता वाटत नाही?"

"आता जास्त वाटते. पण आता नाही म्हणायचं असेल तर इथेच म्हणा. बडोद्याला जाऊन 'कळवू' म्हणू नका. त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक आहे."

सरलाबाईंच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. ते हसू होते की राग, मला समजले नाही. त्यांनी मुलाकडे पाहिले. विजय पोह्यांची बशी तशीच धरून बसला होता.

"आई," तो म्हणाला, "आपण ज्यांना पाहायला आलो त्यांना अजून पाहिलंच नाही."

"बोलवा मुलीला," सरलाबाई म्हणाल्या.

अलका चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. आतून तिने सगळे ऐकले असणार. उंबरठा ओलांडताच कप बशांवर वाजू लागले. सरलाबाईंची नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती. ती थेट तिच्या हातांवर गेली. माझीही. मुकुंदाची, सुलभेची, यांचीही. तेवढ्या लहान खोलीत सगळी माणसे एका मुलीच्या मनगटांकडे पाहत होती, आणि कप वाजत होते.

अलका मध्येच उभी राहिली.

"मला फक्त भीती वाटतेय," ती म्हणाली. "तुम्ही सगळे असे बघत राहिलात तर मी हा ट्रे पाडीन."

मग सरलाबाई उठल्या, तिच्या हातातून ट्रे घेतला आणि टेबलावर ठेवला.

"पाहायला येतात तेव्हा कप वाजतातच. माझ्या वेळी आमच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या धोतरावर चहा गेला होता. बैस."

त्या दिवशी त्या 'हो' म्हणाल्या नाहीत. जाताना सांगितले, की बडोद्यात त्यांच्या ओळखीचे एक मोठे डॉक्टर आहेत, सोमवारी त्या त्यांना विचारतील, आणि मंगळवारी त्या स्वतः टेलिफोन करतील, विजय नाही. मग दारात चपला घालता घालता त्यांनी मुकुंदाला विचारले, की सुरतेत फेब्रुवारीअखेर एखादे बरे कार्यालय मिळेल का, की आतापासूनच पाहायला हवे.

मुकुंदा माझ्याकडे वळला. मीच म्हणाले, "आतापासूनच पाहायला हवं."