छापून आलेले नऊ गुण

मित्रांनो, ढ कॉम्प्युटर कधी पाहिलाय? नसेल तर माझ्याकडे नीट बघून घ्या. निर्मळच्या नाक्यावरचा जुना, पिवळा पडलेला मीच तो. आणि या गावानं मला देव केलं होतं!

अठ्ठ्याण्णव साली सुधाकरनं मला आणलं, नारळ फोडला आणि पाटी टांगली, ‘कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवून मिळेल.’ आधी त्याचे वडील काशिनाथ हातानं पत्रिका मांडत. जन्मवेळ ठाऊक नसली तर मुलामुलीच्या घरी जाऊन बसत, सुईणीला गाठत. लोक त्यांच्याशी तासन्‌तास हुज्जत घालत. माझ्याशी कोण घालणार? मी छापायचो आणि शहाणीसुरती माणसं माना डोलवायची. कीव यायची मला!

एकदा सुमनकाकी आल्या. त्यांच्या राधिकाचं शेजारच्या वटार गावातल्या उमंगशी ठरत आलं होतं. राधिकाचा त्याच्यावर जीव जडला होता.

“जन्मवेळ?” सुधाकरनं विचारलं.

“भाजीचा टेम्पो सुटला तेव्हा.”

टेम्पो पहाटे चारला सुटतो, हे निर्मळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सुधाकरनं स्वतः त्यात वर्षानुवर्षं भाजीच्या पाट्या चढवलेल्या. पण माझ्यासमोर बसला की त्याची अक्कल गहाण पडे.

“काकी, मशीनला तास-मिनिटं लागतात,” म्हणत त्यानं दुपारचे बारा टाकले. वेळ नसली की बारा, हा त्याचा शिरस्ता. मी छत्तीसपैकी नऊ गुण छापले. एक कागद काकींना, एक वटारला.

दुसऱ्या दिवशी राधिका आईला ओढतच घेऊन आली. “चार टाक,” ती सुधाकरला म्हणाली. त्यानं टाकले. सत्तावीस!

“बघ आई! मी तुझ्या पोटातनं आले. वेळ तुला ठाऊक की ह्या डब्याला?”

काकी रडवेल्या झाल्या. “पण बाय, पहिलं छापून आलंय ना!”

नवा कागद वटारला गेला, तर उमंगची आई मनोरमाबाई म्हणाली, “बदलून आणलेला कागद आम्हाला नको.” नऊ गुणांचा तिनं देव्हाऱ्यात ठेवला होता. मूर्खपणाचा कळस! उमंगनंही आईचंच ऐकलं. लग्न मोडलं.

पुढे नवा कॉम्प्युटर आला आणि मी माळ्यावर गेलो. मित्रांनो, मला पुसू नका, झाकू नका. धुळीनं माझं काय बिघडणार? जपायचंच असेल तर माणसाच्या तोंडचा शब्द जपा. राधिका जन्मली त्या पहाटे मी तिथं नव्हतो. सुमनकाकी होत्या.