तिसऱ्या पिस्टनचा बाण

मी एक चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन बोलतोय. स्वतःच्या पोटातले कोणालाच दिसत नाही; त्यामुळे माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा तपशील ऐकीव आहे, हे आधीच नमूद करतो. तो मी गेल्या बुधवारी, सकाळी सव्वादहाच्या सुमारास, मिस्त्रींच्या सूनबाईंच्या तोंडून ऐकला. त्या वेळी मी गॅरेजमधल्या लोखंडी टेबलावर होतो आणि माझे डोके शेजारच्या फळीवर.

जन्माने मी ओतीव लोखंडाचा. कारखान्यातून थेट एका मास्तरांच्या गाडीत आलो आणि बावीस वर्षे त्यांच्याकडे राहिलो. मास्तर भूमिती शिकवत, आणि गाडीही पट्टी ठेवून रेघ ओढावी तशी चालवत.

अकराव्या वर्षी मिस्त्रींच्या गॅरेजात मला नवे पिस्टन बसवले गेले. तेव्हापासून थंड सकाळी मी टक-टक ठोकू लागलो. मिस्त्रींनी कान लावून निदान केले, "मास्तर, गिअर उशिरा बदलता तुम्ही. इंजिनाचा जीव जातो."

मास्तरांनी ते मनावर घेतले. स्टिअरिंगजवळ 'गिअर' अशी चिठ्ठी चिकटवली. त्यांच्या सौभाग्यवतींना चिठ्ठीची गरज नव्हती. "अहो, गिअर!" हे त्या वळणावर म्हणत, चढावर म्हणत, पुढे पुढे मास्तर जिना चढतानाही म्हणू लागल्या. माझे ठोकणे मात्र थांबले नाही.

शेवटी गाडीचा पत्रा गंजला. "उपयोगी पडेल ते काढून घ्या," असे सांगून मास्तरांनी गाडी मिस्त्रींच्या हवाली केली. दोन वर्षे मी कोपऱ्यात होतो. माझ्या अंगावर कधी बादली, कधी कोणाचा ओला टॉवेल.

मागच्या सोमवारी सूनबाईंच्या व्हॅनचा क्रँकशाफ्ट मोडला. पिस्टनच्या खालीवर होण्याचे चाकाच्या फिरण्यात रूपांतर करणारा हा दांडा म्हणजे आम्हा इंजिनांचा कणाच. त्या व्हॅनमधून सूनबाई धुतलेल्या चादरी इस्पितळांना पोहोचवत. हा धंदा त्यांनी एकटीने उभा केला होता. शनिवारपर्यंत व्हॅन सुरू झाली नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होते. तसा क्रँकशाफ्ट आता नवा मिळत नाही. व्हॅनचे इंजिन माझ्याच जातीचे; उरलो मी.

"त्यात काही राम नाही," मिस्त्री म्हणाले. "अकरा वर्षं ठोकत होतं ते. भंगारात घाल."

"उघडून बघायला काय जातं, बाबा?"

"वेळ जातो."

"तो माझा जातोय. तुम्ही चहा घ्या."

मिस्त्रींना चहा नको होता. ते नटबोल्टचे पाने नंबरवार लावायला बसले. तीस वर्षांत हे प्रथमच घडत होते.

सूनबाईंनी माझ्या डोक्याचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करत सैल केले आणि पुठ्ठ्यावरच्या भोकांत त्याच क्रमाने खोचले. 'ज्या घरचा बोल्ट, त्या घरी' हा मिस्त्रींचाच नियम. मग त्यांनी पिस्टनवरची काजळी खरवडली. प्रत्येक पिस्टनवर एक बारीक बाण असतो. त्याचे तोंड पुढच्या बाजूला असावे लागते.

"बाबा, हा तिसरा रुसलाय का? बाकीचे तिघं पुढे बघतायत, हा पाठ फिरवून बसलाय."

मिस्त्री आले. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काच पुसून बाण फिरत नाही, बाबा."

"उलटा बसला की थंडीत ठोकणारच," मिस्त्री हळूच म्हणाले.

"म्हणजे मास्तरांचा गिअर..."

"आधी क्रँकशाफ्ट बघ."

मला पालथे करून माझा कणा बाहेर काढला गेला. सूनबाईंनी त्यावरून नख फिरवले. कुठे ओरखडा असता, तर नख अडले असते. तिसऱ्या पिस्टनच्या जागेशी त्या थांबल्या. पुन्हा फिरवले. मग मायक्रोमीटर मिस्त्रींच्या हातात दिले. "तुम्ही मोजा. मला माझ्या मापाचा भरवसा नाही."

मिस्त्रींनी तीनदा मोजले. "दोन शतांश मिलिमीटर झीज."

"चालेल?"

"चालेल काय, धावेल!"

सूनबाई बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि पदराने तोंड पुसले. पदराला ग्रीस होते, ते तोंडाला लागले. कोणी त्यांना सांगितले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी व्हॅन सुरू झाली. तिचा आवाज ऐकत मिस्त्रींनी फोन लावला.

"मास्तर, तुमचा गिअर बरोबर होता."

"कोणता?"

"सगळेच. पिस्टन उलटा बसला होता. चूक आमच्या गॅरेजची."

पलीकडे मास्तरांनी सौभाग्यवतींना हाक मारली. मग मास्तर म्हणाले, "मिस्त्री, जरा थांबा. हे हिलाच सांगा. मी सांगितलं तर पटायचं नाही."

आज माझे व्हॉल्व्ह एका डब्यात आहेत, डोके फळीवर आहे, आणि उरलेला मी गॅरेजचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकून उभा आहे. सकाळी सातला व्हॅन चादरी घेऊन समोरून जाते. माझा कणा तिच्यात फिरतो, आणि ठोकत नाही. माझी एकच विनंती आहे: इंजिन ठोकू लागले, तर चालवणाऱ्याला बोल लावण्याआधी एकदा झाकण उघडून पाहावे.

एका गोष्टीची खात्री मात्र मला करता आली नाही. "भंगारात घाल" असे म्हणताना मिस्त्रींना त्या बाणाविषयी ठाऊक होते का? सूनबाईंनी एकदा त्यांना तसे सरळ विचारले. तेव्हा ते पाने नंबरवार लावायला निघून गेले.