लेंड्यांची राखण

ते रानहरीण जेमतेम गुडघ्याला लागेल एवढं. डरकाळी नाही, आयाळ नाही, मग त्याला विचारतो कोण? नवा रस्ता थेट त्याच्या झाडीतून जायचा होता. ते तिथं राहतं हे पाहणीला येणाऱ्या सरकारी समितीला पटलं, तरच रस्ता वळणार होता. आणि हा लाजाळू गृहस्थ काही समितीच्या स्वागताला बाहेर येणार नव्हता.

वनअधिकारीबाईंची सगळी भिस्त एका ढिगावर होती. हे हरीण रोज ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतं. एवढी शिस्त बाईंच्या कचेरीतही नव्हती. ती जागा त्यांच्या क्वार्टरमागेच, कुंपणापलीकडे होती.

समिती यायची त्या सकाळी बाई तिला आणायला गेल्या. घरी सासूबाई. पाहुणे येणार म्हटल्यावर त्या माऊलीला स्वस्थ बसवतंय होय!

बाई समितीला घेऊन आल्या, तर जमीन लख्ख.

"अगं, केवढी घाण होती मागे!" सासूबाई शाबासकीच्या आशेनं म्हणाल्या. "सगळी ओढ्यात टाकली."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. तीही स्वच्छ झाडलेली होती.

"पुरावा वाहून गेला म्हणता?" अध्यक्ष हसले. "स्वच्छता मात्र वाखाणण्यासारखी." समितीनं चहा घेतला, आखणीच्या खुंट्या ठोकून घेतल्या आणि ती निघून गेली.

"आई, तुम्ही त्याचं घर झाडून काढलंत हो," बाई म्हणाल्या आणि रडल्या. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

दोन-तीन दिवसांनी सकाळीच त्यांची हाक आली. जुन्या जागी, नेमक्या खुंटीच्या बुडाशी, ताज्या लेंड्या! हरणानं हरकत नोंदवली होती. बाईंनी लगेच अध्यक्षांना फोन लावला. बरीच कुरकुर करून ते दुसऱ्या दिवशी यायला कबूल झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याआधी त्यांच्या कचेरीचे दोन सफाई कामगार आले. साहेब कुठंही जायचे म्हटलं की आधी जागा झाडून घ्यायची, असा नियमच होता.

ढिगाशेजारी खुर्ची टाकून सासूबाई पहाटेपासून बसल्या होत्या.

"आजी, जरा सरका. साहेब यायचेत."

"झाडू खाली ठेव आधी!" सासूबाई कडाडल्या. "एका जरी लेंडीला हात लावलास, तर गाठ माझ्याशी आहे!"